पेजेची खळ

"खिसे रिकामे करा."

देवबागला तिच्या घरी खोली घ्यायला आलेल्या माणसाच्या कानावर आधी हे वाक्य पडायचं. या, बसा, पाणी घ्या हे सगळं नंतर. गाडीतून उतरलेली, उन्हाने शिजलेली, कधी एकदा आडवं होतो अशा बेतात आलेली माणसं. आणि दारात ही काटकुळी म्हातारी, लुगड्यावर नवऱ्याचा शर्ट चढवून, हात पुढे करून उभी. एकदा एक गृहस्थ इतके घाबरले की त्यांनी पाकीट, घड्याळ आणि गळ्यातली साखळी काढून तिच्या ओंजळीत ठेवली. म्हातारीने सगळं परत दिलं आणि पाकिटाच्या कप्प्यातून बसचं एक चुरगळलेलं तिकीट तेवढं ओढून घेतलं.

"ह्या माका व्हया," म्हणाली. "बाकीचा तुमचा तुमका."

तिला कागद लागायचे. कुठलेही चालत नसत हं, उगाच गैरसमज नको. साबणाची वेष्टनं, काडेपेटीवरची चित्रं, चॉकलेटची चांदी, अंगाऱ्याच्या पुड्या, आंब्याच्या पेटीत खाली घातलेला कागद, औषधाच्या खोक्यातलं ते मुंगीएवढ्या अक्षरांचं पत्रक. हे सगळं हवं. पेट्रोल पंपावरच्या पावत्या मात्र ती दारातूनच परत करायची. "ह्या कागदाचा अक्षर दोन म्हयन्यात उडान जाता," ती त्या गाडीवाल्याला सुनवायची, जसा काही त्यानेच तो छापला होता. "असलो कागद काय कामाचो?"

मी तिला काकी म्हणायचे. ती मला मास्तरीण म्हणायची, आणि त्यात आदर कमी आणि टोमणा जास्त असायचा. गेल्या वैशाखात ती गेली. ती असताना मी हे लिहिलं असतं तर तिने ते न वाचता फाडलं असतं, बरा तुकडा बघून चिकटवला असता आणि माझं सगळं गद्य तिच्या कागदी चित्रातल्या कुठल्यातरी होडीच्या पोटाखाली गेलं असतं. आता लिहायला हरकत नाही.

हे कागद ती जुन्या टेलिफोन डिरेक्टऱ्यांत चिकटवायची. गावातल्या, मालवणातल्या, कुठकुठल्या कचेऱ्यांतल्या टाकून दिलेल्या डिरेक्टऱ्या तिने गोळा केल्या होत्या. "आता हय बघून कोण कोणाक फोन करता गो? पानां बरी आसत." रोज एक पान. चिकटवून चिकटवून डिरेक्टरी फुगायची, मिटेनाशी व्हायची, मग ती जाळ्याच्या दोरीने बांधून चुलीवरच्या फळीवर ठेवायची, सर्द होऊ नये म्हणून. पान पूर्ण झालं की सुताराची जाड पेन्सिल घेऊन खाली एकच ओळ लिहायची. आधी नाही, पान झाल्यावर. एका पानाखाली मी वाचलं होतं: "वारो खालचो. आज माका राग इललो. कोणाचो ता चिकटवल्यार समाजला." वर चित्र म्हणून काय, तर लाल वेष्टनांचा एक ढीग आणि त्यात मधोमध बिस्किटाच्या पुड्यावरचं गुबगुबीत बाळ. राग कोणाचा ते मला काही समजलं नाही.

हे सगळं कधीपासून करताय, असं मी तिला अनेकदा विचारलं. एकदा म्हणाली, घोव, म्हणजे नवरा, गेल्यावर. एकदा म्हणाली, घोव जिवंत असतानाच, त्याच्याशी बोलायचं नव्हतं म्हणून. मला दुसरं जास्त खरं वाटतं.

दशावताराची पोस्टरं हा तिचा खास शौक. गावात नाटक झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी ओलं फडकं घेऊन निघायची आणि भिंतीवरचं पोस्टर पुसून पुसून, फुंकर घालत, न फाटता सोडवायची. नाटकाच्या आधी कधीही हात लावला नाही. "लोकांका समजाक नको काय?" असं म्हणायची. आणि लग्नपत्रिकांचं तर काय सांगावं. पत्रिका आली की वरचा गणपती ती आधी अलगद सोडवायची. त्याच्यावर दुसरा कागद चिकटवायचा नाही, तो केरात टाकायचा नाही, मग करायचं काय? हा प्रश्न आपल्या सगळ्यांच्या घरी असतो आणि आपण सगळे पत्रिका कपाटावर टाकून मोकळे होतो. काकीने बिस्किटांचा पत्र्याचा डबा केला होता. वर्षभराचे सगळे गणपती त्यात, आणि अनंत चतुर्दशीला डबा घेऊन ती खाडीवर जायची आणि सगळ्यांना एकदम पोचवायची. लोक हसायचे. हसायचे आणि आपापल्या घरच्या पत्रिका तिच्याकडे आणून द्यायचे.

आता मी या बाईच्या तावडीत कशी सापडले, ते सांगते.

मी मालवण तालुक्यातल्या एका हायस्कुलात चित्रकला शिकवायचे. फळ्यावर खडूने, हात न उचलता, अख्खं वर्तुळ काढायचे आणि पोरं आ वासायची. शाळेतल्या प्रत्येक प्रमाणपत्रावरचं नाव माझ्या हातचं. आणि धामापूरच्या अंगाला आमचं गाव आहे, तिथल्या घरातली गणपतीमागची भिंत माझी. आमच्याकडे चतुर्थीच्या आधी ती भिंत पांढरी करायची आणि तिच्यावर दरवर्षी चित्र काढायचं. पूर्वी बाबा काढायचे. बर्फाचा हिमालय, त्याच्यामागून उगवणारा सूर्य. बाबा गेल्यावर मी काढू लागले. हिमालय तोच, मी फक्त शिखरं टोकदार केली. वाडीतले लोक दर्शनाला यायचे ते आधी भिंत बघायचे, मग देवाला नमस्कार करायचे. मला याचा अभिमान होता, आणि तो मी लपवतही नसे.

मग एका सकाळी दात घासताना ब्रश हातातून पडला. मेंदूत गुठळी. वाचा वाचली, पाय वाचला, उजव्या हाताची बोटं गेली. गेली म्हणजे जागेवर होती, पण माझं ऐकेनात. खडू धरायला जावं तर खडू एकीकडे आणि बोटं भलतीकडे. डॉक्टर म्हणाले, "हात येईल हळूहळू." मला ते 'येईल' ऐकूनच संताप यायचा. माझाच हात, आणि पाहुण्यासारखी त्याची वाट बघत बसायचं!

व्यायामासाठी रोज मालवणला जायचं होतं आणि गावातून रोजची ये-जा मला झेपणारी नव्हती. पावसाळ्यात देवबागच्या खोल्या रिकाम्या असतात, म्हणून धाकट्या भावाने काकीकडची खोली ठरवली. मला सोडायला आला तेव्हा निघता निघता म्हणाला, "आक्का, यंदा भिंतीचो त्रास घेव नको हां. फ्लेक्स बरे छापतत आता. हिमालयच घेव, तुका आवडता तसो."

प्रेमानेच म्हणाला. त्यापेक्षा शिवी दिली असती तर कमी लागलं असतं. चतुर्थीपर्यंत हात आला नाही तर भिंत गेली, आणि एकदा फ्लेक्स आला की तो दरवर्षी येणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. दुसऱ्या कसल्याही गोष्टीची मला पर्वा नव्हती. नोकरीचीसुद्धा नाही. ती भिंत मात्र मला हवी होती.

काकीने पहिल्याच दिवशी माझी पर्स उपडी केली आणि डॉक्टरांची चिठ्ठी उचलली.

"अहो, तेच्यार माझी औषधां लिवली आसत!"

"मगे औषधां आण आणि चिठी दी."

तिथपासून आमचं जे वाजलं ते वाजलंच. दोघीही तापट. ती पडवीतून बोलायची, मी खोलीतून उत्तर द्यायचे, मध्ये पाऊस. भांडण झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी पेजेबरोबर भाजलेला सुका बांगडा मिळायचा, ही तिची माफी. तोंडाने कधी मागितली नाही. पेज मात्र अळणी. तिच्या घरी पेजेत मीठ घालत नसत, पानात वेगळं वाढत, ज्याने त्याने घ्यायचं. मला वाटलं म्हातारीला रक्तदाब असेल. उरलेल्या पेजेचं काय व्हायचं ते समोर दिसत होतं: ती पेज हाताने कुस्करायची, लगदा करायची, आणि तीच तिची खळ. बाजारातला डिंक तिने आयुष्यात आणला नव्हता.

अशाच एका सकाळी मी पडवीत बसून डाव्या हाताने उजव्या हाताचं एकेक बोट उघडत होते. ते काम करताना मी कोणाकडे बघत नसे. काकीने माझ्या पुढ्यात एक पोस्टर टाकलं.

"फाड."

"काकी, माझो हात चालना नाय."

"दुसरो आसा मां? पाय आसत, दात आसत. फाड."

"मी चित्रकलेची शिक्षिका आसंय. कागद फाडूक नाय शिकलंय मी."

"ता दिसताच आसा. म्हणान तर सांगतंय."

मग मात्र माझं डोकं फिरलं. मी ते पोस्टर पायाच्या अंगठ्याखाली दाबलं आणि डाव्या हाताने असं खेचलं की राजाचा मुकुट एकीकडे गेला आणि राक्षसाची जीभ दुसरीकडे. काकी टाळ्या पिटून हसली. "व्हय! रागान फाड. रागान बरा फाटता." मी दुसरं पोस्टर ओढलं. मग तिसरं. ती बाजूला बसून सांगत होती, "उतारान ने गो, उतारान. कागदाकव उतार आसता. तेच्या वाटेन गेलंस तर सरळ जातलो, आडवी गेलंस तर भांडतलो."

"म्हायत आसा माका ता!" मी ओरडले. आणि खरंच मला माहीत होतं. शाळेत मी ते दरवर्षी शिकवायचे.

"मगे गप फाड."

त्या दिवशी पडवीभर तुकडे झाले आणि मला कितीतरी आठवड्यांनी कडकडून भूक लागली.

कातर तिच्या घरात नव्हती. म्हणजे मासळीची होती, कागदाला नव्हती. मला तिने एक डिरेक्टरी दिली, आणि नियम दिला एकच: "आदी चिकटव, मगे इचार कर." मी म्हटलं, असं कसं? आधी मनात चित्र हवं, मग कच्चं रेखाटन, मग पक्कं. मी आयुष्यभर हेच केलं होतं आणि शेकड्यांनी पोरांकडून करून घेतलं होतं. म्हातारी म्हणाली, "बाजारात जातंस तेव्हा काय मासो गावतलो ता म्हायत असता तुका? पिशी घेवन जातंसच मां?"

मग मी पिशवी घेऊन निघाले म्हणा ना. रोज व्यायाम करून आलं की पान उघडायचं, हाताला लागेल तो तुकडा ठेवायचा, तो काय मागतो ते बघायचं. पहिले काही दिवस नुसता पसारा झाला. मला पसारा सोसत नाही. मी चिडायचे, तुकडे ओळीत लावायचे, कडा जुळवायचे. काकी येता जाता एखादा तुकडा तिरका करून जायची आणि मी किंचाळायचे. पण हळूहळू काहीतरी व्हायला लागलं. हिरव्या वेष्टनाशेजारी आंब्याचा कागद ठेवला की मला आमच्या गावची मळणी आठवायची. मी ती काढायला बसले नव्हते, ती आपणहून यायची. पन्नाशीला टेकलेली बाई मी, पुढे काय होणार ते मला ठाऊक नसताना पहिल्यांदाच चित्र करत होते. भीती वाटायची, आणि सकाळ कधी होते असंही वाटायचं.

श्रावण संपत आला तेव्हा माझी डिरेक्टरी निम्मी फुगली होती. मी खूश होते. एकदा मुद्दाम काकीच्या पुढ्यात नेऊन ठेवली. तिने चष्मा लावला, थुंकी लावून पानं उलटली. होड्या होत्या, माशांची शेपटं होती, तिरकी लाल पोस्टरं होती, खाली एकेक ओळ होती. सगळं बघून तिने डिरेक्टरी मिटली.

"बरा झाला," म्हणाली. "पण ह्या माझा. तुझा खंय आसा?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? होडी माझी, शेपूट माझा. लिवणा पण माझ्यासारखा. आदी बापाशीचो हिमालय काढीत होतंस, आता माझी होडी काढतंस. तू खंय आसस?"

इतका संताप मला त्या मेंदूतल्या गुठळीचाही आला नव्हता. संताप यासाठी की ती खोटं बोलत नव्हती. मी तिला नाही नाही ते बोलले. येडी म्हातारी म्हटलं, लोकांचे खिसे चाचपणारी म्हटलं. तीही काही कमी नाही. "फटकी येवंदे तुझ्या तोंडार" इथपर्यंत आली. चतुर्थी जवळ आलीच होती. मी भावाला फोन केला, रिक्षा बोलावली आणि सामान भरलं. रिक्षा सुटता सुटता म्हातारी धावत आली आणि एक बोचकं माझ्या मांडीवर आदळून परत फिरली. आत आकाशकंदिलांचा उरलेला पतंगी कागद होता, निळा आणि पांढरा, भरपूर.

घरी भिंत पांढरी करून तयार होती. आणि दाराआड गुंडाळी करून फ्लेक्सही तयार होता. भावाने तो उलगडून दाखवला. हिमालय होता, बर्फ होता, आणि कोपऱ्यात, त्याने न सांगता, छापणाऱ्याने 'शुभेच्छुक' म्हणून त्याचा गॉगल घातलेला फोटो टाकला होता. भाऊ बिचारा ओशाळला. मी म्हटलं, "माका दोन-चार दिवस दी. भिंत कागदान करतंय. नाय जमली तर लाव तुझो गॉगल."

आणि मी काय केलं असेल? हिमालय! हो, हिमालयच. काकीचं बोलणं इतकं झोंबलं होतं की तिचं काही करायचं नाही एवढंच डोक्यात होतं, आणि तिचं सोडलं की माझ्याकडे उरत होते बाबा. निळं आकाश, पांढरी शिखरं, कडा जुळवून जुळवून, डाव्या हाताने. खळ काकीसारखी पेजेची. वहिनी रोज सकाळी उरलेली पेज मला टोपात आणून द्यायची. काम सुरेख चाललं होतं. वाडीतली माणसं दारातून डोकावून "व्वा बाई, तसोच इलो हां हिमालय," म्हणून जात होती. मला आनंद व्हायला हवा होता. होत नव्हता. पण भिंत वाचत होती, मग मी आनंदाचं कशाला मनावर घेऊ?

चतुर्थीच्या आदल्या दिवशी, हरतालिकेला सकाळी, वहिनीची किंकाळी ऐकू आली.

रात्रभर पाऊस कोसळला होता. सगळा हिमालय भिंतीवरून खाली घसरला होता. काही शिखरं जमिनीवर पडली होती, काही अर्ध्यावर लोंबत होती, आणि निळ्या कागदाचा रंग सुटून पांढऱ्यात ओघळला होता. भाऊ डोळे चोळत आला. "आक्का," तो हळूच म्हणाला, "हिमालय वितळलो गो."

वहिनीने भिंतीवर बोट फिरवलं. बोट चिकट झालं. आपल्याकडच्या बाया करतात तसं तिने ते सवयीने तोंडात घातलं आणि तिचे डोळे मोठे झाले.

"वन्सं! मीठ!"

आमच्या घरी पेजेत मीठ आधीच घालतात. कायमचंच. मी लहानपणापासून तीच पेज पीत आले, मला वेगळं काय जाणवणार? आणि मिठाने काय केलं असणार ते सांगायला नको: भाद्रपदातली सगळी ओल त्या भिंतीने पिऊन घेतली होती. काकीच्या घरची पेज अळणी का, ते मला त्या क्षणी कळलं. तेवढ्यात वहिनी पुन्हा किंचाळली. "अगो बाय माझे, माझो उपास! मीठ खाल्लंय मी!" भाऊ हसायला लागला, वहिनी त्याच्यावर खेकसली, आणि मी त्या दोघांच्या मध्ये ओल्या कागदात बसले. मला हसू येत नव्हतं.

भावाने हसू आवरलं. आत जाऊन त्याने फ्लेक्सची गुंडाळी आणि हातोडी आणली आणि माझ्याकडे बघत उभा राहिला. संध्याकाळी त्याला गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तिकाराकडे, जाऊन मूर्ती आणायची होती.

"काय करू, आक्का?"

मी भिंतीकडे बघत होते. खरं सांगते, मला त्या वेळी काही सुचलं वगैरे नाही. एक मोठा ओला कागद माझ्यासमोर लोंबत होता आणि तो पडू नये म्हणून मी हात पुढे केला. डाव्या हातात दुसरा कागद होता. म्हणून उजवा पुढे गेला. बोटं धरेनात, ती कधीच धरत नव्हती. पण तळवा होता. मी तळव्याने कागद भिंतीवर दाबला आणि वर सरकवला. कागद चुरगळला, त्याच्या वळ्या वळ्या झाल्या आणि त्या वळ्यांत निळा रंग जाऊन बसला. भिंतीवर पाणी दिसायला लागलं. चित्रातलं घोटीव सरोवर नव्हे, आमच्या गावच्या तळीचं पावसातलं पाणी, वाऱ्याने थरथरतं. मी पुन्हा दाबलं. मनगटापर्यंत, मग कोपरापर्यंत, सगळा हात लावून.

"हिमालय वितळलो तर पाणीच होतला मां?" मी भावाला म्हटलं. "जा तू. शाळेत जा. आणि वहिनी, पेज घाल परत. अळणी."

वहिनीने उपास मोडल्याचं दुःख बाजूला ठेवून चूल पेटवली. मी दिवसभर त्या भिंतीशी झोंबत होते. एकही कड जुळवली नाही. खालचे कागद वर गेले, वरचे खाली आले, फाटलेल्यावर फाटलेले. काही ठिकाणी भिंतीचा चुना तसाच ठेवला, कारण तिथे ऊन पडलं होतं असं मला दिसलं. डाव्या हाताने फाडायचं, उजव्या तळव्याने ढकलायचं, दोघांचं भांडण व्हायचं, त्यातून वळी पडायची, आणि ती वळी पुढचं सांगायची. हे मला कोणी शिकवलं नव्हतं. बाबांनी नाही, काकीने नाही. असं कुणाला करताच आलं नसतं, कारण असला हात फक्त माझ्याकडे होता.

तिन्हीसांजेला भाऊ मूर्ती घेऊन दारात आला. डोक्यावर पाट, पाटावर गणपती. वहिनीने त्याच्या पायांवर पाणी घातलं. त्याने उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं आणि भिंत बघितली. तिथेच थांबला. डोक्यावर देव घेऊन माणूस किती वेळ उभा राहणार, पण तो उभा राहिला.

मग त्याने मूर्ती जागेवर ठेवली, कपाळाचा घाम पुसला आणि वहिनीला म्हणाला, "तो फ्लेक्स भायर लाकडांवर घाल गो. पावसाचो शिंतडो येता थंय."

आणि रात्रीच्या जेवणापर्यंत पुन्हा पुन्हा काहीतरी निमित्त काढून त्या खोलीत जात होता.

गौरीच्या दिवशी दुपारनंतर दारात रिक्षा थांबली आणि काकी उतरली. शर्ट घातलेला होता, सणाचा म्हणून धुतलेला. मी तिला बोलावलं नव्हतं. आमची शेवटची भाषा तुम्ही ऐकलीच आहे. तिने वहिनीकडून पाणी घेतलं, मोदक घेतला, मोदकाखालचा कागद घडी करून खिशात घातला आणि भिंतीसमोर जाऊन उभी राहिली. भजनी मंडळी जमली होती, मृदंगावर हात फिरत होता. म्हातारी जागची हलेना. ती भिंतीला नाक लावून बघत होती.

"ह्या माझ्यासारखा नाय," ती शेवटी म्हणाली.

"नाय," मी म्हटलं. भांडायची माझी पूर्ण तयारी होती.

"बापाशीसारखा पण नाय."

"बाबांचा चित्र तुमी कधी बघितलात?"

"भायर लाकडांवर आसा मां तो हिमालय. गॉगलवालो."

भाऊ तोंड फिरवून हसला. काकीने माझा उजवा हात धरला, उलटा केला आणि तळवा वर धरून उजेडात नेला. रेषारेषांत निळा रंग बसला होता, धुऊनही जात नव्हता. तिने अंगठ्याने तो घासून पाहिला.

"हात इलो गो तुझो, मास्तरणी."

"खंय इलो?" मी ओरडलेच. "बघा! बोटां मिटनत नाय. खडू धरूक येणा नाय. काय इलो?"

"बोटां खंय म्हणतंय मी?" काकी म्हणाली. "हात म्हणतंय."

आणि मग मी रडले. पदर तोंडाला लावून वगैरे नाही. भोकाड पसरलं, सगळ्या वाडीसमोर, गणपतीसमोर. ब्रश पडल्यापासून मी एकदाही रडले नव्हते. मृदंग थांबला. बुवा पेटीवरचे हात उचलून बघत राहिले. कोणाला वाटलं मला पुन्हा झटका आला. भाऊ तर धावतच आला. काकीने माझा हात सोडला नाही. तिने मान वळवून भजनी मंडळींकडे बघितलं आणि त्यांच्यावर डाफरली.

"वाजवा रे तुमी! काय झाला नाय. रडूंदे तिका. हात इलो तिचो."